सगळ्यांचं रेस्पिरेशन २०

खानापूरकडच्या, नर्सिंग शिकणाऱ्या एका ज्युनिअरचा परवा मेसेज आला, ताई वॉर्डात पोस्टिंग लागलंय, स्टाफ सिस्टर लई ओरडतात म्हणे, काय करू. मी म्हटलं ओरडणारच की. पण का ओरडतात ते कळायला माझं अख्खं फर्स्ट इयर गेलं म्हणून हे लिहायलेय.

माझं पहिलं पोस्टिंग बेळगावात, फिमेल मेडिसिन वॉर्ड. बारा पेशंटचे व्हायटल्स घ्यायचे होते आणि मला लवकर उरकून केअर प्लॅन लिहायला बसायचं होतं. टेम्परेचर, पल्स, बीपी घेतलं खरं, पण रेस्पिरेशनच्या, म्हणजे मिनिटाला श्वास किती त्या कॉलममध्ये वरून खाली २०, २०, २० लिहून मोकळी झाले. आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणी असंच करायच्या, खोटं कशाला बोलू.

ड्युटीवरच्या सिस्टर घरी कन्नड बोलणाऱ्या पण मराठी एकदम आपल्या बेळगावी वळणाचं. चार्ट बघून म्हणाल्या, "काय गं, सगळ्यांचा श्वास एकच? वॉर्डात काय परेड चाललीय?" आया पण हसली. मग मला सहा नंबरच्या अज्जीकडं नेलं. अज्जी बैलहोंगलकडची, मराठीचा गंध नाही. सिस्टर "ऊट आयतेनरी अज्जी", जेवण झालं का, असं विचारून नुसतं मनगट धरून उभ्या राहिल्या, मला वाटलं पल्स मोजायल्यात, तर नजर अज्जीच्या छातीवर. पूर्ण एक मिनिट. ३२ आलं.

मोठ्या माणसाचं १२ ते २० असतं हे मला तोंडपाठ होतं. आणि अज्जी दोन शब्द बोलून थांबते हे मी सकाळपासून बघत होते, मला आपलं वाटलं मला कन्नड कळंना म्हणून हळू बोलत असेल. तिला उशा लावून बसवलं, डॉक्टरना बोलावलं, ऑक्सिजन लावला. नंतर सिस्टरनी एवढंच सांगितलं, श्वास मोजतोय म्हणून पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून पल्स झाला तरी हात सोडायचा नाही.

तर मुद्दा हा की आपण भरलेल्या आकड्यावर विसंबून स्टाफ सिस्टर पुढच्या ड्युटीला ओव्हर देणार, म्हणजे पेशंटची माहिती सोपवणार, आणि चुकला तर डॉक्टर तिला विचारणार, तुला नाही. वर आपल्याला शिकवायचा पगार तिला नाही, तो इन्स्ट्रक्टर मॅडमना. म्हणून आकडा विचित्र आला तर चार्टवर लिहायच्या आधी पळत जाऊन तिला सांग, बीपी ऐकायलाच आलं नाही तर ऐकायला आलं नाही म्हण, त्यासाठी ती ओरडली तरी दोन मिनिटांचं असतं. सकाळी ओव्हरच्या वेळेला मागं उभी राहून ऐक, कोणाचं काय चाललंय ते कळतं आणि मग दर पाच मिनिटाला "सिस्टर हे कुठाय" करत तिच्या मागं फिरावं लागत नाही.

सगळ्याच अशा नसतात हां. पुढच्या एका वॉर्डात एकीनं महिनाभर मला बेड करायला आणि लॅबला सँपल पोचवायलाच ठेवलं, कॅथेटरच्या ट्रेला हात लावू दिला नाही, केलेल्या प्रोसिजर लिहायच्या लॉगबुकचं पान कोरंच. तिथं गोड बोलून काही उपयोग झाला नाही, शेवटी मॅडमना सांगून दुसऱ्या वॉर्डात प्रोसिजर पूर्ण केल्या.

आणि सेकंद काट्याचं घड्याळ घे, खडेबाजारात मिळतं. श्वास मोजायला म्हणून वॉर्डात मोबाईल बाहेर काढलास तर त्या ओरड्याला मी काही करू शकत नाही.