बाईंचा तांबडा ‘का?’

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा फोन आला आणि डोळ्यासमोर शास्त्राच्या बाईच आल्या. नाव लिहीत नाही, सगळ्यांना कळलंच असेल. बाकीच्या सरांनी-बाईंनी रागावू नये, पण मला खरं शिकवलं ते त्यांनीच.

आठवीत दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून दिल्या आणि सांगितलं, कुठलाही एक विषय घ्या, पुस्तकातनं उतरवायचं नाही, स्वतःला कळलंय तेवढंच लिहायचं. मी सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घेतली, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. वडील मार्केट यार्डात हमाल, त्यामुळं मला वाटायचं आपल्याला सगळं माहितीय. लिहिलं, ‘पेवात हवा नसते म्हणून हळद किडत नाही.’ वही परत आली तर खाली तांबड्या पेन्सिलीनं एकच शब्द, ‘का?’

तोंडानं हेच वाक्य मी दहा जणांना ठोकून दिलं असतं, पण कागदावर ते लंगडं दिसायला लागलं. हवा जाते कुठं? वडील म्हणाले, पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, काही तास तसंच ठेवतात मग कंदील सोडतात, विझला तर कुणी आत जात नाही. हे लिहिलं. परत ‘का?’ सायकल मारत हरिपूरला गेलो, तिथं एका आज्जींनी चहा पाजला, बाकी काही हाती लागलं नाही. पण घरी येऊन लिहिता लिहिताच डोक्यात आलं, की आत हवा असतेच की, त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, किडे-बुरशी तो वापरून टाकतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मग ते स्वतःच जगत नाहीत. पहिलं वाक्य मीच खोडलं. त्या पानावर बाईंनी काहीच लिहिलं नाही, म्हणजे पास!

आता मी टॅक्सची कामं करतो. 2017 ला जीएसटी आला तेव्हा इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातनं वजा करायची सोय, असंच वहीत लिहून काढलं, जिथं वाक्य अडायचं तिथंच मला कळलेलं नसायचं. ऑफिसातल्या पोरांनाही वह्या दिल्यात, ती मोबाईलवर फोटो मारतात आणि म्हणतात झालं सर.

हरिपूरच्या कितीतरी पेवांची 2005 च्या पुरात वाट लागली, आता हळद कोल्ड स्टोरेजला. वही मात्र आहे. 2019 ला पाणी दारात आलं तेव्हा आधी ती माळ्यावर टाकली आणि मग टीव्ही उचलायला गेलो, बायको अजून बोलते.