स्टिरॉइडची मात्रा उतरवताना

आज ह्यांची प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची मात्रा आणखी थोडी उतरवली. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी ह्यांना निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधे एकत्र सुरू झाली, तेव्हा केमोथेरपीसारखे केस गळणार नाहीत, उलट्याही फारशा होणार नाहीत, एवढे ऐकूनच घरातल्या सर्वांना हायसे वाटले होते. परंतु या उपचाराचे दुष्परिणाम निराळ्याच वाटेने येतात. पीडी-१ आणि सीटीएलए-४ ही संरक्षक पेशींवरची प्रथिने म्हणजे प्रतिकारशक्तीचे लगाम आहेत. औषधांनी ते सैल केले, की शरीराच्या संरक्षक पेशी कर्करोगावर तुटून पडतात आणि कधी कधी आतडे, फुप्फुस, यकृत, त्वचा किंवा थायरॉइड यांवरही उलटतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना ज्या शोधांसाठी २०१८ चे नोबेल मिळाले, त्यांच्यावरच हे उपचार उभे आहेत आणि ह्यांना झालेला जुलाबांचा त्रासही त्याच क्रियेतून उद्भवला, हे डॉक्टरांनी समजावल्यावर माझी भीती पुष्कळशी ओसरली.

लक्ष मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवावे लागते, कारण ही दुखणी अगदी नेहमीच्या दुखण्यांसारखी दिसतात. जुलाब लागले की आपल्याकडे साबुदाण्याची पेज, ताकभात, उगाळलेले जायफळ असे घरगुती उपाय आधी होतात आणि डॉक्टरांना दोन-तीन दिवसांनी कळवले जाते. येथे तेवढी सवड नसते. रोजच्यापेक्षा चार ते सहा वेळा अधिक शौचाला जावे लागले तर तो त्रास मध्यम मानतात, सात किंवा त्याहून अधिक वेळा जावे लागले तर गंभीर. म्हणून ज्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशेब लिहिते, त्याच्याच चौकटीत प्रत्येक खेपेची एक रेघ ओढत गेले आणि आव किंवा रक्त दिसले तर शेजारी खूण करत गेले. त्या पानाचा फोटो पाहून रुग्णालयातल्या डे-केअर विभागाच्या सिस्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितले. जंतुसंसर्ग नाही ना, हे शौचाच्या तपासणीत पाहिले गेले आणि उलटलेली प्रतिकारशक्ती शांत करण्यासाठी शिरेतून स्टिरॉइड सुरू झाले.

गोळ्यांवर आल्यानंतरचा काळ मला अधिक कसोटीचा वाटतो. स्टिरॉइडने ह्यांची साखर वाढली, झोप उडाली, एरवी शांत असलेला स्वभाव चिडका झाला. बरे वाटू लागले म्हणून गोळी एकदम बंद करता येत नाही. ती निदान चार ते सहा आठवडे हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर आतड्याची सूज पुन्हा उसळू शकते. सकाळी नाश्ता झाल्यावरच गोळी द्यायची, म्हणजे पोटालाही बरे आणि रात्रीची झोपही त्यातल्या त्यात लागते, हे आता अंगवळणी पडले आहे.

वन्संनी मोठ्या मायेने प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा पाठवला होता. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे, आणि ह्यांच्या यकृतावर तर आधीच दर तपासणीत नजर ठेवली जाते. मी वन्संना फोन करून हे सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ह्यांच्यासाठी नाचणीची लापशी करून आणली, याचे मला फार बरे वाटले.

सध्याचा थकवा निव्वळ आजारपणाचा आहे असे मी गृहीत धरलेले नाही. आजच्या रक्ततपासणीत थायरॉइडबरोबर कॉर्टिसोल हे शरीरातले संप्रेरकही पाहणार आहेत, कारण कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर प्रकृती बिघडू शकते. शिवाय उपचार थांबवल्यावरही काही महिन्यांनी नवा दुष्परिणाम उद्भवू शकतो, म्हणून या औषधांची नावे लिहिलेला कागद ह्यांच्या पाकिटात ठेवला आहे. रात्री-अपरात्री दुसऱ्या कोणा डॉक्टरांकडे जावे लागले तर तो आधी दाखवायचा.

इपिलिमुमॅब आता पुन्हा द्यायचे नाही, असे ठरले आहे. प्रेडनिसोलोन दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत उतरले आणि पोट शांत राहिले, तर एकटे निवोलुमॅब पुन्हा सुरू करण्याचा विचार होईल. ह्यांची तशी तयारी आहे, आणि माझीही.