व्यर्थाळलेला चहा

पंधरा वर्षं प्रुफं तपासतोय, पण एका 'रिप्लेस ऑल'नं एवढा घाम कधी फोडला नव्हता.

बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाचा थेट हिब्रूवरून केलेला अनुवाद आला होता. अनुवादक निवृत्त शिक्षक, अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जिथं 'सर्व काही व्यर्थ' वाचायची सवय, तिथं सरांनी 'वाफ' लिहिलेलं. मला वाटलं, चुकलंय. सगळीकडे 'व्यर्थ' केलं आणि प्रुफं पाठवून मोकळा झालो.

दोन दिवसांनी सर काठी टेकत हजर. प्रस्तावनेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं : 'समोर व्यर्थाळलेला चहा होता.' दुसऱ्या अध्यायात राजा बागा लावतो, त्यावरच्या टिपेत 'भाजीचे व्यर्थे'.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र हसत होते.

"मूळ शब्द हेवेल. म्हणजे श्वास, वाफ. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमनं लॅटिनमध्ये त्याचं 'वानितास' केलं, इंग्रजीत 'व्हॅनिटी' झालं, आपल्याकडे 'व्यर्थ' रुळलं. पण व्यर्थ म्हणजे निकालच लावला हो! वाफ दिसते, हाताला चटका देते, फक्त मुठीत राहत नाही. लगेच पुढे वाऱ्यामागं धावण्याचं येतं, ते वाफेशीच जुळतं. आणि बायबलमधल्या काईनानं मारला तो त्याचा भाऊ हाबेल? त्याचं हिब्रू नावही हेच. हेवेल."

हाबेल हे नाव मी किती वेळा तपासलं असेल! फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत आलो.

उलटं रिप्लेस करावं, तर प्रस्तावनेत सरांनी 'व्यर्थ' या शब्दावर मुद्दाम दोन पानं लिहिलेली. त्यांचीही वाफ झाली असती. मग हस्तलिखित उघडून हातानं सुरुवात केली. मूळ पुस्तकात हेवेल 38 वेळा येतो. सर हिब्रू ओळींवर उजवीकडून डावीकडे बोट सरकवत मोजायचे, मी इकडे स्क्रीनवर दुरुस्त करायचो. शेवटी आकडा 37. पुन्हा पहिल्यापासून. सापडला तो नवव्या अध्यायात. आवडत्या बायकोबरोबर सुखानं दिवस काढ, असं सांगणाऱ्या एकाच वचनात तो दोनदा आहे, मी एकदाच धरला होता.

पुस्तक छापून आलं. टिपेतले 'व्यर्थे' तसेच राहिलेत. सरांनी मला दिलेल्या प्रतीत त्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढलेली आहे.