पणजोबा सापडले, पण कुणाचे कोण ते हरवलं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात, मे महिन्यातल्या एका दुपारी, २१२ पानांचा कुलवृत्तांत मी स्वतःच्या हाताने मोडला. वर्डची फाईल थेट पेन ड्राइव्हवर उघडून काम करायची माझी जुनी खोड. सेव्ह दाबलं, प्रोग्राम अडकला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि वैतागून पेन ड्राइव्ह ओढून काढला. परत लावला तर फाईल उघडेचना. काका म्हणजे यजमानांचे चुलते, वय ८१. सहा वर्षं पत्रं लिहून, फोन करून त्यांनी ही माहिती जमवली होती. त्यांना त्या दिवशी काही सांगितलं नाही.

भाच्याला फोन केला. "मामी, आधी त्या पेन ड्राइव्हवर काहीही सेव्ह करू नकोस. फाईलच्या दोन प्रती कॉम्प्युटरवर घे आणि खटाटोप काय तो प्रतीवर कर." मग त्याने आकार विचारला. आदल्या दिवशी ३८ एमबी होती, आता ३१. "शून्य नाही ना? मग बरंच काही शिल्लक आहे."

वर्डमध्ये ओपनच्या बटणाशेजारच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' असतं, ते करून झालं. नाही उघडली. ऑटोरिकव्हर दर दहा मिनिटांनी एक प्रत ठेवतं म्हणतात. ते मीच बंद केलं होतं, कारण फोटोंनी फुगलेली फाईल दर दहा मिनिटांनी थबकायची. टेम्पररी फाईल शोधताना एक इवलीशी लपलेली फाईल सापडली, दोनशे बाइटसुद्धा नाही. आनंदाने उघडली तर आत फक्त माझं नाव. फाईल कोणी उघडलीये एवढंच ती सांगते. गुन्हेगाराची नोंद चोख होती!

खरी वाट पुढे सापडली. वर्डची डॉकएक्स फाईल ही मुळात एक झिप, म्हणजे अनेक फाईलींचं एकच गाठोडं असते: आत मजकुराची वेगळी फाईल, फोटोंचा वेगळा फोल्डर. प्रतीच्या नावातलं डॉकएक्स काढून झिप लिहिलं. विंडोजने ती नाकारली, कारण झिपची अनुक्रमणिका अगदी शेवटी असते आणि माझ्या फाईलचं शेपूटच तुटलेलं. सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रामने मात्र तक्रार करत का होईना, उघडली. मजकुराची फाईल सुरुवातीला असल्यामुळे अख्खी वाचली होती. शेवटचे फोटो तेवढे गेले.

मजकूर म्हणजे न संपणारी एक ओळ, शब्दाशब्दांत कोनाकंसातल्या खुणा. 'चिंतामण' तीन तुकड्यांत. परिच्छेद संपल्याची खूण असेल तिथे नवी ओळ घातली, मग उरलेल्या खुणा एका झटक्यात पुसल्या, आणि तुकडे आपोआप जुळले. पहिलं वाचता आलेलं वाक्य होतं: 'आमचे पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते.' हुजूर कचेरी म्हणजे बडोदा संस्थानचं मुख्य कार्यालय. सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले, त्यानंतरच्या काळातली ही मंडळी. मला तर ते दारात उभे राहिल्यासारखं वाटलं.

मध्ये चाळीसेक पानं मात्र इंग्रजी अक्षरांचा निव्वळ काला. धस्स झालं. पण तो बिघाड नव्हता. ही पानं काकांनी जुन्या मशीनवर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तोच फॉन्ट लावला आणि मराठी परत आली. नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, आणताना ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, त्या हाताने हलवल्या.

एवढं झाल्यावर खरं नुकसान लक्षात आलं. वंशावळ तक्त्यांमध्ये होती. खुणा पुसताना चौकटीही पुसल्या गेल्या. नावं सगळी आली, पण एकाखाली एक, रांगेत. कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक गेला, काही कळेना. त्यात आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणजे विनायक तीन!

आता काकांना सांगणं भाग होतं. ते रागावतील म्हणून चहा, शेव-उसळ अशी तयारी ठेवली होती. त्यांनी यादी पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, जुन्या तक्त्यातही मधला विनायक चुकलाच होता. मला सुधारायचा होता, तुला सांगायला संकोच वाटत होता. परत करायला लावलं असतं ना."

तीन संध्याकाळी आम्ही बसलो. त्यांनी एका कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने झाड काढलं, मी त्यावरून तक्ता भरला. आता फाईल कॉम्प्युटरवर आहे, भाच्याकडे आहे, आणि तो कॅलेंडरचा कागद काकांनी घडी घालून आपल्या ट्रंकेत ठेवलाय. फोटो अजून नातेवाइकांकडून परत मागवतेय. तिसऱ्या विनायकांचा कोणाकडेच नाही.