रोधकतेची मोजणी, नोंद तिसरी: तांब्याच्या तारेतील चूक सापडली

मागील नोंदीत तांब्याची रोधकता, म्हणजे विद्युतधारेला अडवण्याचा त्या पदार्थाचा गुण, २०.२ नॅनोओहम-मीटर आली होती. (तारेचा मोजलेला अडथळा म्हणजे तिचा रोध; त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले, की रोधकता मिळते.) २० अंश सेल्सिअसला तिचे प्रमाणित मूल्य १६.८ असल्यामुळे तार अशुद्ध असावी, असा निष्कर्ष मी काढला होता. तो चुकीचा ठरला. तारेवरचा इनॅमलचा (विद्युतरोधक लेपाचा) थर न खरवडताच मी मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजण्याचे उपकरण) लावला होता, त्यामुळे व्यास ०.५० ऐवजी ०.५४ मिलिमीटर धरला गेला. छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार बदलत असल्याने आठ टक्क्यांची ही चूक उत्तरात जवळपास सतरा टक्क्यांची झाली.

दोन मीटर लांबीच्या त्याच तारेतून अर्धा अँपिअर विद्युतधारा सोडली आणि विभवांतर (तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) वेगळ्या दोन वायरींनी मोजले, कारण इतक्या लहान रोधासाठी मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही मोजणी बिघडवतो. विभवांतर ८८.१ मिलिव्होल्ट भरले, म्हणजे रोध ०.१७६ ओहम आणि रोधकता १७.३. खोलीचे तापमान २७ अंश होते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो हे लक्षात घेतले, की हा आकडा प्रमाणित मूल्याशी नेमका जुळतो. तार शुद्धच होती.

यानंतर तार मधोमध दुमडून, दुमड खरवडून आणि दोन्ही टोके एकत्र जोडून, त्या जोडापासून दुमडीपर्यंत मोजणी केली. लांबी निम्मी आणि छेद दुप्पट झाल्यामुळे रोध बरोबर चौथ्या हिश्शावर, ०.०४४ ओहमवर आला. रोधकता मात्र तीच राहिली. रोध हा त्या तुकड्याचा असतो आणि रोधकता त्या पदार्थाची, हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, पण त्याचा खरा अर्थ मला या मोजणीत उमगला.

०.४० मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नायक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) तारेचा रोध ८.७ ओहम, म्हणजे रोधकता सुमारे १,०९० नॅनोओहम-मीटर आली, तांब्याच्या त्रेसष्टपट. तांब्यात इलेक्ट्रॉनांना मुख्यतः अणूंच्या उष्णताजन्य कंपनांचा अडथळा होतो, तर नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियमचे अणू अनियमितपणे मिसळलेले असल्यामुळे मूळ रचनेतच अडथळे असतात. म्हणूनच नायक्रोमचा रोध तापमानानुसार फारच थोडा बदलतो.

पुढील खेपेस तांब्याची हीच तार वितळत्या बर्फात ठेवून मोजणार आहे, तेव्हा १५.५ च्या आसपास आकडा अपेक्षित आहे.