खेळ उजळावा, यंत्र अबाधित राहावे: आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या तपकीर गल्लीपासून चार पावलांवर असलेल्या एका लहान गाळ्यात झाली. वडील तेथे गणेशोत्सव मंडळांसाठी विद्युत रोषणाईच्या माळा, चेसर (दिवे एकामागोमाग पेटवून प्रकाश धावता भासवणारी उपकरणे) आणि कंट्रोल पॅनेल तयार करत असत. मांडवातील रोषणाईची लाइन ध्वनिक्षेपकाच्या लाइनीपासून वेगळी असावी, प्रत्येक लाइनीला स्वतःचा फ्यूज असावा आणि उत्सव संपल्यावर जागा पूर्वी होती तशी मोकळी करून देता यावी, असा त्यांचा कटाक्ष होता. पिनबॉल यंत्रांमध्ये, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू टोलवत खेळायच्या यंत्रांमध्ये, जादा एलईडी दिवे बसवण्याचे जे काम आज आम्ही नऱ्हे येथील कार्यशाळेत करतो, ते या तीन सवयींवरच उभे आहे.

रोषणाईचे काम भाद्रपदाच्या आधीचे काही महिने जोरात चालते आणि नंतर ओसरते. उरलेल्या वर्षात दुकानांच्या पाट्या आणि शोकेसचे दिवे यांवर आमचा भर असे. याच ओळखीतून परदेशी पिनबॉल यंत्रे जमवणारे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची मागणी साधी होती: “चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला की मला दिसत नाही, तेवढे बघा.” या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा निकष त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितला, असे मी आजही मानतो. चेंडू शेवटपर्यंत नजरेत राहिला तरच जादा प्रकाशाचा उपयोग आहे. झगमगाट त्यानंतरची गोष्ट.

अशा यंत्रात दिवे तीन प्रकारचे असतात. खेळाच्या फळीवर आणि मागच्या चित्राच्या काचेमागे सतत जळणारे सर्वसाधारण दिवे, फळीतील रंगीत खिडक्यांखाली खेळाच्या स्थितीनुसार उजळणारे दिवे, आणि क्षणभर लखलखणारे फ्लॅशर. 1990 च्या दशकातील विल्यम्स कंपनीच्या यंत्रांत पहिला प्रकार 6.3 व्होल्ट एसीवर पाच लाइनींत विभागलेला असतो. दुसरा प्रकार आठ ओळी आणि आठ स्तंभांच्या जाळ्यातून पाळीपाळीने पेटवला जातो, त्यामुळे प्रत्येक दिव्याला एकूण वेळेचा जेमतेम आठवा हिस्सा वीज मिळते. फ्लिपर (चेंडू टोलवणारे दांडे) आणि बंपर (चेंडू उडवणारे गोल अडथळे) हलवणाऱ्या कॉइलचा पुरवठा 50 व्होल्ट किंवा त्याहून अधिक डीसीचा असतो, आणि नियंत्रण बोर्डाला 5 व्होल्ट लागतात. जादा दिवा दुसऱ्या प्रकारच्या जाळ्यावर लटकवणे किंवा 5 व्होल्टच्या पुरवठ्यातून चालवणे आम्ही सुरुवातीपासूनच वर्ज्य मानले, कारण तेथे आलेला दोष थेट यंत्राच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

म्हणून आमचे काम नेहमी मूळचे सर्वसाधारण दिवे बदलण्यापासून सुरू होते. 44 क्रमांकाचा जुना बल्ब 250 मिलिअ‍ॅम्पिअर घेतो, 47 क्रमांकाचा 150. एका लाइनीवर 44 क्रमांकाचे वीस बल्ब असले, तर 5 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज काठोकाठ भरतो, कनेक्टरच्या पिना तापून काळ्या पडतात आणि त्या उष्णतेने मागच्या काचेवरील चित्राचा रंग सुटू लागतो. त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब या प्रवाहाचा लहानसा अंशच घेतात. एवढ्या बदलाने लाइन थंड होते आणि मग जादा दिव्यांचा विचार निर्धास्तपणे करता येतो.

येथे स्थानिक बाजाराबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. काही यंत्रांत लागणाऱ्या 555 क्रमांकाच्या बल्बची बैठक मोटारीच्या पार्किंग दिव्यासारखीच असल्याने नाना पेठेतील वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातला एलईडी बल्ब त्यात सहज बसतो; मात्र तो 12 व्होल्ट डीसीसाठी बनवलेला असतो आणि 6.3 व्होल्ट एसीवर तो पेटतच नाही किंवा मंद लुकलुकतो. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) नसलेला एलईडी सेकंदाला 50 वेळा विझतो. चेंडू सेकंदाला 2 मीटर वेगाने जात असेल, तर दोन लखलखाटांच्या मध्ये तो 4 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि खेळणाऱ्याला तो तुटक उड्या मारत गेल्यासारखा दिसतो. म्हणून अंगभूत ब्रिज रेक्टिफायर असलेले बल्बच आम्ही वापरतो आणि प्रत्येक बल्ब बसवण्यापूर्वी टेबलावर तपासतो.

जादा दिव्यांसाठी आम्ही 12 व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा देतो. 6.3 व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर कपॅसिटरवर साधारण साडेसात व्होल्ट मिळतात आणि 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीला ते पुरत नाहीत. मीटरला 4.8 वॅट घेणारी दीड मीटर पट्टी सुमारे 0.6 अ‍ॅम्पिअर घेते, तिच्यासाठी 1 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज पुरतो. बंपर उडताच प्रकाशही उसळावा अशी इच्छा असेल, तर कॉइलवरचा इशारा ऑप्टोकपलरमधून (तारेऐवजी प्रकाशाने इशारा पुढे देणाऱ्या भागातून) घेतला जातो, म्हणजे यंत्राचा पुरवठा आणि आमचा पुरवठा यांची विद्युत जोडणी होत नाही. या लहान बोर्डाची मांडणी आता आम्ही स्वतःच करतो, आणि आमच्या कामातला मला सर्वाधिक आवडणारा भाग तोच आहे.

दिवा कोठे बसवावा हे ठरवण्यात मात्र सर्वाधिक वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. वर काच, खाली वार्निश केलेली फळी आणि मध्ये आरशासारखा चकचकीत पोलादी चेंडू असल्याने चुकीच्या कोनातला एकच उघडा एलईडी तीन ठिकाणी चमकतो. आम्ही फ्लिपरच्या वरच्या त्रिकोणी कोपऱ्यांतील मूळ स्क्रूवरच लहान ब्रॅकेट बसवून दिव्याचे तोंड खेळणाऱ्यापासून दूर, वरच्या अंधाऱ्या भागाकडे वळवतो आणि त्यावर दुधी आवरण घालतो. नंतर ग्राहकाच्या उंचीवरून, काच लावून आणि खोलीतला दिवा मालवून पाहिल्याशिवाय काहीही पक्के करत नाही. कॉइलच्या हादऱ्यांनी चिकटपट्टी सुटते, म्हणून पट्टीला क्लिपचा आधार असतो. आणि फळी उचलून उभी करताना ताण येऊ नये एवढी ढील वायरला ठेवलेली असते. लाल खिडकीखाली लालच एलईडी घालावा लागतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल छटा कमी असल्याने ती खिडकी फिकी पडते. पिवळ्या-तांबड्या चित्रांना 3000 केल्विनच्या आसपासचा उबदार पांढरा प्रकाश शोभतो, निळ्या चित्रांना थंड पांढरा.

पुढे खेळघरांकडूनही कामे येऊ लागली. त्यांना रंग बदलणाऱ्या पट्ट्या अधिक हव्या असतात आणि कॅबिनेटखालून आम्ही त्या आनंदाने लावतो. मात्र मूळ हार्नेस (यंत्रातील वायरींची जुडी) कापावा लागेल किंवा फळीला भोक पाडावे लागेल असे काम आम्ही घेत नाही. त्यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले. तरीही हा नियम बदलण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही, कारण यातील अनेक यंत्रांचे निर्माते आता पिनबॉल बनवत नाहीत आणि विल्यम्सने तर 1999 मध्येच हे उत्पादन थांबवले.

उत्पन्नात या कामाचा वाटा आजही रोषणाईपेक्षा कमी आहे. पण वडिलांच्या काळापासून असलेले आमचे ज्येष्ठ कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, नव्या मुलामुलींना सोल्डरिंग आणि क्रिम्पिंग शिकवण्यासाठी मुद्दाम हीच कामे निवडतात. हात किती नेटका आहे हे येथे लगेच दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे. काम पूर्ण झाल्यावर काढलेले सर्व बल्ब खूण केलेल्या डब्यात, आणि वायरिंगचा मराठीतील आराखडा यंत्राच्या आतल्या बाजूला ठेवून आम्ही यंत्र परत करतो. ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी ट्रान्सफॉर्मरवरील व्होल्टेजची पट्टी, फ्यूजची मूल्ये आणि काच काढलेल्या फळीची छायाचित्रे आधी पाठवावीत, म्हणजे खर्चाचा अंदाज यंत्र हलवण्यापूर्वीच देता येतो.