गदा आहे का फुगा?

गेल्या महिन्यात एक राक्षस केला. म्हणजे गेमसाठी, थ्रीडीमध्ये. बाहेरच्या एका छोट्या टीमचं काम होतं, त्यांना सुळेवाला, आडदांड, हातात गदा घेतलेला राक्षस पाहिजे होता, एक ए पोझमधलं, म्हणजे हात खाली सोडून सरळ उभं असलेलं मॉडेल आणि वर जाहिरातीसाठी एक दणदणीत पोझ. मला वाटलं आठ दिवसात उडवतो. आपण सांगलीचे, राक्षस म्हणजे घरचाच माणूस. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांच्या सांगण्यावरून इथं नाटक उभं केलं आणि त्या काळच्या नाटकांत राक्षस मंडळी 'अलल डुर्रर्र' करत स्टेजवर घुसायची म्हणे. माझ्या राक्षसाला मात्र नुसतं नीट उभं राहायलाच तीन आठवडे लागले.

आधी माझा आजार सांगतो, कारण नवीन पोरांना पण हाच असतो. झीब्रशमध्ये, म्हणजे मातीसारखं कोरायच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, गोळा घ्यायचा, मूव्ह ब्रशनं ओढून मोठे आकार काढायचे, डायनामेश (ओढून ताणलेली जाळी परत एकसारखी करणारी सोय) मारत मारत धड, मुंडी, हातपाय जमवायचे आणि ते लांबनं बरं दिसेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, हे मला चांगलं माहितीये. पाळत नाही. दुसऱ्याच दिवशी मी नाकावरची छिद्रं कोरत बसलेलो. चौथ्या दिवशी मॉडेल दोन कोटी पॉलिगॉनवर, म्हणजे पृष्ठभागाचे तेवढे बारीक तुकडे, कॉम्प्युटरचा पंखा रसवंतीच्या चरकासारखा वाजतोय, आई बाहेरून विचारतीय काय लावलंयस रे, आणि मी दंडावरच्या शिरा कोरतोय. तसं बघितलं तर गेममध्ये हे दोन कोटी जातच नाहीत. त्याच्यावरनं काही हजारांचं हलकं मॉडेल बांधतात, रिटोपो म्हणतात त्याला, आणि कोरलेलं सगळं नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात उतरवतात, बेक करतात, म्हणजे प्रकाश पडला की शिरा असल्याचा नुसता भास. खांदे, कंबर, पाय चुकले तर ते कुठल्या मॅपमध्ये लपत नाही.

ए पोझ म्हणजे हात साधारण पंचेचाळीस अंशात खाली सोडून सरळ उभं राहणं. टी पोझमध्ये ते आडवे असतात, पण गेममधला माणूस बहुतेक वेळ हात खालीच ठेवून फिरतो, मग आडव्या हातांवर केलेला खांदा खाली आणला की चेंगरतो. शिवाय सरळ उभं असलं की सिमेट्री चालू ठेवून काम होतं, डावीकडं कोरलं की उजवीकडं आपोआप. सोय लई. पण आठवडाभर असं समोरासमोर बघत काम केलं की डोळ्याला तीच सवय लागते. मग हिरो पोझ, म्हणजे ती जाहिरातीची, द्यायची वेळ आली तर मी काय केलं, पाय थोडे फाकवले, एक हात वर केला, त्यात गदा दिली, तोंड उघडलं. पाठवलं. टीमचं उत्तर आलं, मॉडेल भारी आहे पण खेळणं वाटतंय.

आमच्या गल्लीत एक आण्णा आहेत, जुने पैलवान, आता सकाळी तालमीत पोरं बघतात. इकडं कुस्ती म्हणजे काय ते सांगायला नको, हिंदकेसरी मारुती माने इथल्याच कवठेपिरानचे, कुंडलच्या मैदानाला अजून तुफान गर्दी. आण्णांना मोबाईलवर राक्षस दाखवला, म्हटलं दंड बघा. त्यांनी दंड बघितलेच नाहीत. म्हणाले, "ह्येच्या हातात गदा हाय का फुगा?"

मी म्हटलं गदाच आहे, दगडी. "मग वजन कुठं गेलं लेका? उद्या ये सकाळी."

सहाला गेलो. तालमीत शिरलं की तो वास येतो बघा, लाल माती, तेल, हळद, ताक सगळं मुरलेला. कोपऱ्यातली गदा दाखवून आण्णा म्हणाले उचल. मी एका हातानं उचलायला गेलो आणि, हसू नका, मीच तिच्यामागं गेलो. मग त्यांनी एका पोराला उचलायला लावली आणि मला म्हणाले दंडाकडं बघू नगं, कंबंरंकडं बघ. गदा उजव्या खांद्यावर आली तशी कंबर डावीकडं सरकली, डावा पाय मातीत रुतला, उजवी टाच जराशी सुटली, उजवा खांदा वर चढला, मान उलटी कलली. हात सगळ्यात शेवटी. मी पन्नास फोटो काढले, चारी बाजूंनी, पायांचे वेगळे.

म्हणजे त्रिभंग. कॉलेजात शिकवलेलं की, मूर्तीत मान, कंबर, गुडघा असे तीन ठिकाणी बाक असतात, परीक्षेत लिहून पाच मार्क पण घेतलेले. आणि केला काय, तर विटेवर समचरण उभा असलेला राक्षस. विठोबाला ते शोभतं, तो अठ्ठावीस युगं तसाच उभा आहे. राक्षसाला कुणालातरी हाणायचंय.

घरी येऊन जुनी पोझ उडवली. झीब्रशमधल्या ट्रान्सपोज मास्टरनं सगळे भाग हलक्या रूपात एकत्र घेतले आणि या वेळी खालून सुरुवात केली, आधी पाय, मग कंबर, मग छाती, हात शेवटी. जो पाय वजन घेतो त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदे त्याच्या उलट कलतात. आणि गळ्याच्या खळगीतनं खाली ओळंबा सोडायचा, गवंडी सोडतो तसा. माणूस रिकाम्या हातानं एका पायावर रेलला असेल तर ओळंबा त्या पायापाशी येतो, पण हातात वजन असेल तर अंग वजनाच्या उलट्या बाजूला जायलाच पाहिजे. माझ्या आधीच्या राक्षसाचा ओळंबा बरोबर दोन पायांच्या मध्ये, गदा नसल्यासारखा. मग मटेरियल सपाट काळं करून नुसती सावली बघितली. आता गदा झाकली तरी हातात काहीतरी जड आहे हे कळत होतं.

जाता जाता त्याला पैलवानाचे मोडलेले कान पण दिले, आण्णांचे आहेत तसे, गोळा झालेले. टीमनं पोझ एका फटक्यात पास केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, कानाजवळ मेश (मॉडेलची जाळी) खराब झालाय, दुरुस्त करा. त्यांना आण्णांच्या कानाचा फोटो पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, राहू दे.

काल आण्णांना फायनल दाखवली. चष्मा लावून बराच वेळ बघितलं, फोन फिरवून बघितला, पायापाशी झूम केलं. मला वाटलं आता पाठीवर थाप पडतीय.

"उभा ऱ्हायलाय बरा. पन लंगोट कुणी बांधला ह्येचा? पहिल्याच पकडीत सुटंल."

तर आता लंगोट परत करतोय.